थट्टेच्या ओळी

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे येथे खडकीस, तशीच इतरत्रही, कचेऱ्यांत व शाळांत एक करमणूक सुरू होते. सोबत्यांची छायाचित्रे घ्यावयाची, प्रत्येकाखाली गमतीची ओळ लिहावयाची, व भ्रमणध्वनीवरून ती सर्वांस पाठवावयाची. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत शेलापागोटे देण्याची जी चाल आहे, तिचेच हे नवे रूप होय. आपल्या मंडळ्यांतील तरुणांतही ही चाल शिरत आहे; म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

हसणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. इसहाक या नावाचा अर्थच हसणे असा आहे, आणि वृद्ध सारेला ते हसू देवानेच दिले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात लक्ष्मीबाई टिळक आपल्या पतीच्या लहरींना हसतात, पण स्वतःलाही तितक्याच मोकळेपणाने हसतात. म्हणून वाचणाराच्या मनात कोणाविषयी तुच्छता उरत नाही. परंतु इसहाकाचे दूध तोडण्याच्या मेजवानीत इश्माएलाचेही एक हसणे होते. ते सारेच्या जिव्हारी लागले, आणि त्यापायी घर मोडले.

मग भेद कोठे आहे? पुष्कळ लोक म्हणतात, "ज्याची थट्टा केली तोही हसला की!" हा पुरावा लंगडा आहे. साहेबाने शिपायाच्या छायाचित्राखाली ओळ लिहिली, तर शिपाई हसणारच. न हसून तो जाईल कोठे? ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याचे हसणे ही संमती नव्हे. हे आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांना गावात पुरे नाव नव्हते. रामाचा राम्या होई, गोविंदाचा गोंद्या होई, आणि तेही खाली मान घालून हसत. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांचे पुरे नाव देवासमोर उच्चारले गेले, त्यांच्या लेकरांनी गरीब बंधूच्या फाटक्या कोटावर ओळ लिहावी काय?

खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी आगपेटी आत नेण्यास मनाई असते. काडी ओढून "गंमत केली" म्हणणाराचे कोणी ऐकत नाही. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायातही, शेजाऱ्यास फसवून मग थट्टेचे निमित्त सांगणारास कोलिते व बाण फेकणाऱ्या वेड्याच्या पंक्तीस बसविले आहे.

आपल्या प्रभूच्या मस्तकावरही एक ओळ लावली होती; इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत. त्याच पदवीवरून शिपायांनी आधी त्याला काट्यांचा मुकुट घालून हिणविले होते. ती ओळ बदलावी अशी विनंती झाली, पण पिलाताने ती बदलली नाही. एकदा दहा घरी गेलेली ओळ लिहिणाराच्याही हाती राहत नाही.

तेव्हा उपदेशक बंधूंस व तरुणांस आमची विनंती आहे की, पहिली ओळ स्वतःच्या छायाचित्राखाली लिहावी. दुसऱ्याची ओळ आधी त्यालाच एकांतात दाखवावी, कारण चारचौघांत तो भिडेने हसेल. रंग, व्यंग, जात, दारिद्र्य व निपुत्रिकपणा यांस शिवू नये. हाताखालच्या मनुष्याविषयी तर लिहूच नये. ज्याला आपण नाताळात हसलो, तोच प्रभुभोजनाच्या वेळी आपल्या शेजारी गुडघे टेकणार आहे. त्याच्या डोळ्याला डोळा भिडविता येईल, तितकीच थट्टा करावी.