शेजाऱ्याच्या बैलाविषयीं साक्ष

गंगाखेड तालुक्यांतील आमच्या वाचकांस सन 2025 चा सप्टेंबर महिना विसरतां येणें कठीण. मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, पैठणच्या जायकवाडी धरणांतून पाणी सोडावें लागलें, आणि गोदावरी कांठच्या शेतांत शिरली. ता. 7 आक्टोबर रोजीं राज्य सरकारनें 31,628 कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. त्यांत मेलेल्या दुभत्या जनावरामागें 37,500, ओढकामाच्या जनावरामागें 32,000 व कोंबडीमागें 100 रुपये ठरले. तीनच मोठ्या जनावरांची मर्यादाही काढण्यांत आली.

अशा वेळीं गांवोगांवीं एक प्रश्न उभा राहतो. एखाद्या गरीब शेजाऱ्याचा बैल पुरापूर्वींच, उन्हाळ्यांत, म्हातारपणानें मेलेला असतो. तो पंचांपुढें हात जोडून म्हणतो, "माझाही बैल वाहून गेला म्हणून पंचनाम्यावर सही करा." त्याचें नुकसान खरें, गरजही खरी, पैसा तर सरकारचा. मग सही न करणें हा निर्दयपणा नव्हे काय?

हा आक्षेप हलका नाहीं. परंतु ह्या साहाय्याचा आधार काय तें पाहावें. कानांतील बिल्ल्यावरून जनावर कोणाचें हें कळतें. तें कसें मेलें हें बिल्ला सांगत नाहीं. ज्या विधवेची म्हैस रात्रीं प्रवाहांत गेली, तिच्यापाशीं दाखवावयास काय आहे? पंचांच्या शब्दावांचून तिला आधार नाहीं. आपण एक खोटी सही करतों तेव्हां सरकारचे 32,000 रुपये जातात इतकेंच नव्हे, तर गांवच्या शब्दाची किंमतही जाते. पुढच्या खेपेस अंमलदार खऱ्यावरही संशय घेतो, आणि त्या संशयांत प्रथम तीच विधवा सांपडते. म्हणजे एका गरिबावरची आपली दया दुसऱ्या गरिबाच्या पदरची असते.

निर्गमाच्या 22 व्या अध्यायांत ह्याच गोष्टीचा नियम आहे. राखावयास दिलेलें जनावर श्वापदानें फाडलें असेल तर तें पुराव्यासाठीं आणावें. परंतु कोणी पाहत नसतां तें मेलें किंवा नेलें गेलें, तर परमेश्वराची शपथ व्हावी व धन्यानें ती मान्य करावी. जेथें पाहणारा कोणी नाहीं, तेथें मनुष्याच्या शब्दावरच न्याय उभा राहतो. तो शब्द बाटला, तर मग उरलें काय?

तथापि सही नाकारून घरीं जाऊन बसणाऱ्यानें आपलें कर्तव्य संपलें असें समजूं नये. ज्याचा बैल उन्हाळ्यांत मेला, त्यास रब्बीच्या पेरणीला आपली जोडी एक दिवस द्यावी, दोन पेंढ्या कडबा द्यावा, मंडळीनेंही आपल्या दानांतून हात लावावा. सरकारच्या पैशानें उदार होणें सोपें आहे. आपल्या कडब्यानें उदार होणें कठीण. आणि जिची म्हैस खरोखर वाहून गेली, ती कोणत्याही जातीची वा धर्माची असो, तिच्याशीं बांधावरून आपलें भांडण असो, तिच्यासाठीं न बोलावतां पंचांपुढें उभें राहावें. खोटें न बोलणें हें अर्धें काम; खरें बोलावयास जाणें हें उरलेलें अर्धें.

पूर पुन्हा येईल, पंचनामेही होतील. त्या वेळीं आपल्या मंडळ्यांतील मनुष्याचा शब्द गांवांत पुरावा म्हणून चालावा, अशी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो.