अल्बमच्या पाठीवरचे नाव

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद बालिश समजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि जोवर ती तिकिटे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात किंवा जुन्या लखोट्यांत सुखाने पडून असतात तोवर ती समजूत खोडून काढण्याचे काही प्रयोजनही नसते. परंतु ज्या दिवशी संग्राहक त्यांच्यासाठी कापडी पाठीचे दोन-चार बाइंडर विकत आणतो आणि त्या पाठींवर डकवावयाच्या चिठ्ठ्यांवर काय लिहावे या विवंचनेत पडतो, त्या दिवशी तो, त्याच्या ध्यानीमनी नसताना, नैयायिक आणि बौद्ध यांच्यात कित्येक शतके चाललेल्या एका मोठ्या दाव्यात पक्षकार होऊन बसतो. अनेक व्यक्तींना एका नावाखाली आणणारे जे सामान्य, ते त्या व्यक्तींच्या ठायी मुळातच असते, की पाहणाऱ्याची बुद्धी आपल्या सोयीसाठी ते त्यांच्यावर लादते, हा तो दावा होय.

प्रथमदर्शनी यात विवंचनेसारखे काही दिसत नाही. तिकिटावर देशाचे नाव असते. त्या नावाचा बाइंडर करावा आणि मोकळे व्हावे, असे कोणीही म्हणेल. ज्या ब्रिटनने 1840 मध्ये जगातले पहिले चिकटवण्याचे तिकीट काढले त्याने आपल्या तिकिटावर देशाचे नाव तेव्हाही घातले नाही आणि पुढेही घातले नाही, ही गोष्ट अपवाद म्हणून सोडून देता येईल. पण हिंदुस्थानच्या तिकिटांपाशी आले की नावावर भिस्त ठेवणाऱ्याची गत बिकट होते. इंग्रजी अमदानीत स्वतःची तिकिटे वापरणाऱ्या संस्थानांचे दोन वर्ग होते. इंदूर, हैदराबाद, त्रावणकोर यांसारख्या संस्थानांचे टपालखाते स्वतःचे. त्यांची तिकिटे निराळी, आणि त्यांचा अंमल संस्थानच्या हद्दीपुरता. ग्वाल्हेर, पतियाळा, जिंद, नाभा, चंबा आणि फरीदकोट या सहांनी मात्र इंग्रज सरकारच्या टपालखात्याशी करार केलेले होते. त्यांना मिळत ती हिंदुस्थान सरकारचीच, राणीच्या किंवा राजाच्या मुखवट्याची तिकिटे, फक्त त्यांवर संस्थानाचे नाव मागाहून छापलेले, आणि ती लावून धाडलेले पत्र हद्दीबाहेर ब्रिटिश हिंदुस्थानातही बिनतक्रार पोहोचत असे. शिंदे सरकारच्या तिकिटांवर तर हे नाव इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत असे. आता अशा तिकिटाला ‘हिंदुस्थान’ लिहिलेल्या बाइंडरमध्ये बसवावे की ‘संस्थाने’ लिहिलेल्या?

नैयायिक उदयनाचार्यांनी ज्या सहा गोष्टी जातीला, म्हणजे वस्तूत खरोखर असणाऱ्या सामान्याला, बाधक म्हणून सांगितल्या, त्यांपैकी ‘संकर’ हा दोष नेमक्या याच अडचणीसाठी आहे. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही भूते. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त द्रव्ये. पहिली चार दोन्हींत येतात, आकाश भूत असून मूर्त नाही, मन मूर्त असून भूत नाही. ज्या दोन धर्मांचे क्षेत्र असे एकमेकांत अर्धवट शिरते, आणि ज्यांपैकी कोणताही दुसऱ्याला पूर्णपणे पोटात घेत नाही, ते खऱ्या अर्थाने जाती नव्हेत. त्या केवळ उपाधी होत, म्हणजे व्यवहारापुरती योजलेली विशेषणे. आता हाच न्याय तिकिटांना लावून पाहावा. मुंबईत विकलेले साधे तिकीट हिंदुस्थानच्या टपालखात्याचे आहे पण संस्थानाचे नाही. इंदूरचे होळकरी तिकीट संस्थानाचे आहे पण हिंदुस्थानच्या टपालखात्याचे नाही. आणि ग्वाल्हेरचे तिकीट दोन्ही आहे. म्हणजे जे नाव आपण इतक्या विश्वासाने पाठीवर लिहावयास निघालो, ते घटत्वासारखे वस्तूत समवायाने राहणारे सामान्य नसून, आपण तिला बांधलेला एक ताईत आहे, असे खुद्द वास्तववादी नैयायिकाच्याच तोंडून वदवता येते. त्यासाठी बौद्धांना साक्षीला बोलावण्याची गरज पडत नाही.

बौद्धांचे म्हणणे याहून तिखट होते. दिङ्नागाच्या मते गाईला गाय म्हणणे म्हणजे तिच्यात गोत्व नावाचे काही पाहणे नव्हे, तर जे जे गाय नाही त्या सर्वांपासून तिला वेगळे काढणे. हे मत पटो वा न पटो, प्रत्येक संग्राहकाच्या फळीवर त्याचा एक पुरावा ठेवलेला असतोच: ‘इतर’ अशी चिठ्ठी लावलेला, नेहमी सर्वांत जाड असणारा बाइंडर. जे कोठेच बसत नाही ते येथे, एवढीच त्याची व्याख्या. नैयायिक यावर लगोलग विचारील की ‘इतर’ या नावाला मुळात आधार कसला, तर बाकीच्या चिठ्ठ्यांचाच ना? आणि हा प्रश्न रास्त आहे. नुसत्या वगळण्यावर चालणारी फळी मला तरी कोठे पाहावयास मिळालेली नाही.

नाशिकच्या सरकारी छापखान्याने हा घोळ आणखी वाढवला. 1926 पासून हिंदुस्थानची तिकिटे तेथे छापली जाऊ लागली, आणि 1947 मध्ये फाळणी झाल्यावर नव्या राष्ट्राची स्वतःची तिकिटे तयार नसल्यामुळे सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याची हिंदुस्थानी तिकिटेच ‘पाकिस्तान’ हे नाव वर छापून 1 ऑक्टोबरपासून चालू करण्यात आली. आणि हे नाव छापण्याचे काम नाशिकनेच केले. कागद एक, शाई एक, राजा एक, छापखाना गोदाकाठचा, आणि त्यावरचा एक शब्द तेवढा निराळा. त्याच्या दहा वर्षे आधी, 1937 मध्ये, ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तेव्हाही असेच झाले होते. त्याही आधी रंगूनमध्ये जे तिकीट वापरले गेले त्याच्यात आणि पुण्यात वापरल्या गेलेल्या तिकिटात टपालाच्या शिक्क्यावाचून दुसरा भेद नाही. वैशेषिकांनी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला तो परमाणूंसारख्या नित्य द्रव्यांना परस्परांपासून वेगळे राखण्यासाठी. कागदाच्या अनित्य तुकड्यासाठी तेवढी उठाठेव नको, कारण त्याचे वेगळेपण सांगायला कोणा पोस्टमनच्या हातचा काळा शिक्का पुरतो. आणि गोव्याचे काय करावे? 1871 पासून पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नावाने निघालेली तिकिटे लिस्बनच्या वसाहतींबरोबर ठेवणारा चूक नाही, आणि भारताबरोबर ठेवणाराही चूक नाही; मात्र त्या दोघांनी एकमेकांशी राजकारण बोलू नये हे बरे.

चिठ्ठीचा प्रश्न असा न सुटता राहतो, पण त्याहून अधिक गंभीर प्रश्न बाइंडरच्या निवडीत दडलेला आहे, आणि तो ज्ञानाचा नसून धर्माचा आहे. अल्बम दोन प्रकारचे मिळतात. एकात प्रत्येक पानावर चौकोन छापलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाखाली कोणत्या तिकिटाने तेथे यावे याचा हुकूम. दुसऱ्यात कोरी, सुटी पाने असतात, ती हवी तेथे घालावीत, हवी तेव्हा काढावीत. पहिल्या प्रकारचा अल्बम पॅरिसमध्ये लालिए यांनी 1862 मध्येच काढला, आणि त्या काळच्या कित्येक हौशी लोकांनी चौकोनात मावावे म्हणून तिकिटांच्या कडा कात्रीने छाटल्या. वर्गासाठी व्यक्ती कापण्याचा हा प्रकार हास्यास्पद खरा, परंतु तो निदान उघड होता.

छापील चौकोनाचे खरे सामर्थ्य त्याच्या रिकामेपणात आहे. न्यायशास्त्र अभावाला पदार्थ मानते, पण त्यासोबत एक अट घालते: ज्याचा अभाव त्या प्रतियोगीचे ज्ञान असल्यावाचून अभावाचे ज्ञान होत नाही. ज्याला घट ठाऊक नाही त्याला जमीन दिसते. तिच्यावर घट नाही, हे दिसत नाही. कोरे पान त्या जमिनीसारखे निरागस असते. छापील पान मात्र प्रतियोगीचे नाव स्वतःच पुरवते, आणि जी उणीव काल अस्तित्वात नव्हती ती आज डोळ्यांना दिसू लागते. 15 ऑगस्ट 1948 रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेली, आणि, स्वदेशीच्या त्या आचार्याचे दुर्दैव म्हणा, स्वित्झर्लंडमध्ये छापून आणलेली. पहिली तीन शाळकरी पोराच्याही आवाक्यातली होती. चौथ्यासाठी छापलेला चौकोन मात्र किती घरांतून वर्षानुवर्षे तसाच उघडा राहिला असेल! अपरिग्रह म्हणजे वस्तू न बाळगणे एवढाच अर्थ घेतला, तर या घरांत परिग्रह वाढला नाही असेच म्हणावे लागेल, कारण दहा रुपयांचे तिकीट तेथे कधी आलेच नाही. पण पतंजलीने यमांत आणि जैनांनी महाव्रतांत त्याला जे स्थान दिले ते कपाटातल्या वस्तूंची मोजदाद करण्यासाठी दिलेले नसावे. नसलेल्या वस्तूवरचे ममत्व हा परिग्रहाचा अधिक चिवट प्रकार आहे, आणि छापील अल्बम तो पानोपानी विकतो. म्हणून माझे मत सुट्या पानांच्या बाजूला पडते. ती महाग असतात, मोकळी पाने दमट हवेत वाकतात, बाइंडर उभे न ठेवता एकावर एक रचले तर पावसाळ्यात तिकिटांचा डिंक पानाला धरतो, हे सर्व मान्य करूनही.

पण सुटी पाने घेतली तरी पाठ कोरी ठेवून भागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत, आणि ज्याला एखादा कागद हवा त्याला आधी रुमाल ओळखता आला पाहिजे. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 भाग प्रसिद्ध केले तेव्हा त्यांना हा पेच पदोपदी पडला असणार. मोहिमेवरून आलेल्या पत्रात लढाईची हकिकत, सावकाराच्या तगाद्याचा मजकूर आणि घरच्या दुखण्याची चौकशी एकाच बैठकीत लिहिलेली असते, आणि छापताना ते पत्र मात्र एकाच भागात जाते. त्यांनी विषय निवडले. दुसऱ्याने सन निवडले असते. कागदाने दोहोंनाही हरकत घेतली नसती.

ग्वाल्हेरच्या तिकिटांपुरते म्हणाल, तर त्यांच्या बाइंडरवर खरे लिहावयाचे झाल्यास ‘हिंदुस्थानच्या टपालखात्याने काढलेली, करारान्वये संस्थानांत विकलेली’ एवढा मजकूर लिहावा लागेल, आणि दीड इंच रुंदीच्या पाठीवर तो मावत नाही. तेव्हा पाठीवर नुसता आकडा घालावा आणि हा खुलासा आत पहिल्या पानावर, खतावणीच्या नोंदीप्रमाणे, सविस्तर लिहून ठेवावा, असे मला वाटते. आकडा हीदेखील चिठ्ठीच नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. वैशेषिकांनी संख्येला गुण मानले आहे खरे, परंतु एकत्व तेवढे वस्तूत राहते. द्वित्वापासून पुढच्या संख्या मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात आणि ती बुद्धी सरली की नाहीशा होतात, असे त्यांचेच मत आहे. फळीवरच्या दुसऱ्या बाइंडरला दोन म्हणण्यात त्याच्या आतल्या तिकिटांविषयी काहीच म्हटलेले नसते.