डब्यातल्या बियाण्याचे सामर्थ्य

बीज आणि अंकुर यांच्याइतका राबवला गेलेला दृष्टान्त भारतीय दर्शनांत क्वचितच दुसरा सापडेल. कर्म आणि त्याचे फळ, अविद्या आणि संसार, वासना आणि जन्म यांचा संबंध सांगताना जवळजवळ प्रत्येक दर्शनाने बीजाचा आधार घेतला आहे. परंतु बौद्ध आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, यांच्यात जो दीर्घ वाद झाला, त्यात हे बीज दृष्टान्त म्हणून आले असले तरी चर्चा शेवटी साठवून ठेवलेल्या बीजाच्या स्वरूपावरच येऊन ठेपली. ग्रंथांत त्याला ‘कुशूलस्थ बीज’ म्हणतात. कुशूल म्हणजे धान्याची कणगी. कणगीत पडून असलेल्या बीजात अंकुर निर्माण करण्याचे सामर्थ्य असते काय, आणि असेल तर ते तेथेच का रुजत नाही, असा तो प्रश्न होता. आज कणग्या फारशा उरलेल्या नाहीत, पण घरच्या मिरचीचे बी कागदाच्या पुडीत बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्या पुडीपुढे हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.

मिरचीची निवड येथे सोयीची अशासाठी आहे की तिचे बी धरण्याची कृती साधी असली तरी तिच्यात प्रत्येक पायरीवर काही गृहीत धरावे लागते. बी धरणारा जाणता माणूस फळ निवडत नाही, झाड निवडतो. ज्या झाडाला बोकड्या, म्हणजे पाने आकसून वळण्याचा रोग, लागलेला नाही आणि ज्याची फळे सारख्या आकाराची आहेत, त्याच झाडावरची दोनचार फळे तो तोडणीतून वगळतो आणि ती पूर्ण लाल होऊन सुरकुतेपर्यंत देठावरच राहू देतो. नंतर ती सावलीत सुकवून चिरली जातात, मधल्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेले चपटे, फिकट पिवळे बी नखाने सोडवले जाते, आणि या कामानंतर तासभर तरी डोळ्याला हात लावायचा नसतो. कारण मिरचीचा जाळ मुख्यतः त्या गाभ्यात असतो, बियांत नव्हे, पण काढताना तो बियांना आणि बोटांना माखतोच. बी पुन्हा आठवडाभर सावलीत वाळते, पुडीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहिले जाते, आणि पुडी डब्यात जाते. यापुढचे महिने त्या बियाण्याकडून काहीही घडत नाही. वादाचा विषय हेच ‘काहीही न घडणे’ आहे.

बौद्ध तार्किकांची भूमिका सातव्या शतकातील धर्मकीर्तीच्या एका सिद्धान्तावर उभी आहे: जे अर्थक्रिया करते, म्हणजे काही कार्य घडवून आणते, तेच सत्. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास विक्रमशील विहारातील ज्ञानश्रीमित्र आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती यांनी यावरून क्षणभंगाचा, म्हणजे प्रत्येक वस्तू एकच क्षण टिकते या मताचा, अतिशय काटेकोर युक्तिवाद रचला. वाफ्यातले बी अंकुर देते आणि कणगीतले देत नाही. देणे म्हणजे समर्थ असणे, न देणे म्हणजे असमर्थ असणे. आणि समर्थ व असमर्थ हे परस्परविरुद्ध धर्म एकाच वस्तूत राहू शकत नसल्यामुळे कणगीतले बी आणि वाफ्यातले बी या दोन भिन्न वस्तू मानल्या पाहिजेत. या मतानुसार पुडीतले बी क्षणोक्षणी नष्ट होऊन आपल्यासारखाच दुसरा क्षण मागे ठेवते, आणि या प्रवाहातला जो अंतिम क्षण अंकुराला लागून असतो त्याच्याच ठिकाणी ‘कुर्वद्रूपत्व’, म्हणजे प्रत्यक्ष कार्य करीत असण्याचे विशिष्ट रूप, असते. आधीचे सगळे क्षण अंकुराच्या दृष्टीने असमर्थच होत.

मिथिलेचा नैयायिक उदयन याने आपल्या ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात या मताची झाडाझडती घेतली. त्याचा काळ त्याच्याच ‘लक्षणावली’तील शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४, या उल्लेखावरून ठरवला जातो. सामर्थ्य या एका शब्दाखाली दोन गोष्टींची गल्लत होते, हा त्याच्या उत्तराचा गाभा आहे. एक स्वरूपयोग्यता, म्हणजे वस्तूच्या जातीमुळेच तिच्या अंगी असलेली पात्रता, जी बीजाला बीजत्वामुळे मिळते. दुसरी प्रत्यक्ष फळ देण्याची अवस्था, जी सहकारी कारणे जुळून आल्यावरच येते. माती, ओल, ऊब ही सहकारी कारणे डब्यात नसल्यामुळे कार्याला विलंब होतो, पण विलंब म्हणजे असामर्थ्य नव्हे. शिवाय केवळ कुर्वद्रूप क्षणच कारण असेल, तर पेरणाऱ्याने बीच का उचलावे आणि खडा का उचलू नये, याचे उत्तर देता येत नाही. तो क्षण तर पेरणीनंतर उगवणार असतो, आणि पेरणारा निवड करतो ती बीजत्व पाहून. उदयनाच्या म्हणण्याप्रमाणे कुर्वद्रूपाची कल्पना स्वीकारली तर कार्यकारणभावावर चालणारे अनुमान आणि रोजचा व्यवहार दोन्ही कोसळतात.

या ठिकाणी परसबागेतली एक साधी चाचणी दोन्ही पक्षांना अडचणीत आणते. जुन्या पुडीतले बी उगवेल की नाही हे पाहण्यासाठी त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवले जातात; मिरची या बाबतीत संथ असल्याने पंचवीस ते तीस अंश तापमानातही मोड दिसायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. समजा, दहापैकी सात दाण्यांना मोड आले. ज्या सात दाण्यांचे सामर्थ्य अशा रीतीने सिद्ध झाले ते आता बी राहिलेले नाहीत, आणि जे बी अजून पुडीत आहे त्यातल्या एकाही दाण्याचे सामर्थ्य सिद्ध झालेले नाही. म्हणजे साठवलेल्या बीजाची स्वरूपयोग्यता प्रत्यक्षाने कधीच कळत नाही, ती सजातीयांवरून केलेल्या अनुमानानेच कळते. आणि उरलेले तीन दाणे असे सांगतात की रूप, रंग आणि जात तीच असूनही योग्यता नसू शकते. बीजत्व असले की योग्यता असते, हे उदयनाचे समीकरण त्यामुळे जरा सैल पडते.

ते सैल पडते याचे कारण बीजशास्त्राने स्पष्ट केले आहे. वाळलेले बी निर्जीव नसते. त्याचा श्वास अतिमंद गतीने चालू असतो, आतली पटले आणि प्रथिने हळूहळू बिघडत जातात, आणि हा बिघाड ओलाव्याने व उष्णतेने वाढतो. बियातला ओलावा एका टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा साठवणुकीचा एक ढोबळ नियम आहे. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पुडीत राहिलेले बी म्हणूनच लवकर निकामी होते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात राखेबरोबर ठेवलेले अधिक टिकते. कणगीतले बी प्रतिक्षणी पालटत असते, एवढे बौद्धांचे निरीक्षण येथे खरे ठरते, जरी प्रतिक्षणी ते समूळ नवे होते हा त्यांचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जे पालटते त्याच्या पालटण्याला वेग असतो, आणि वेगाची भाषा काहीतरी टिकून असल्याशिवाय बोलताच येत नाही. या मुद्द्यावर पारडे उदयनाकडे झुकते, असे म्हणणे रास्त होईल.

परंतु बी धरणाऱ्याला नुसता अंकुर नको असतो. त्याला तीच मिरची हवी असते, आणि हा प्रश्न जुन्या वादात जवळजवळ आलाच नाही. संकरित वाणाच्या फळातले बी व्यवस्थित उगवते, रोप जोमदार वाढते, पण फळ मात्र कुठले आजोळच्या वळणावर जाते तर कुठले भलत्याच. कारण संकरामुळे एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत विखुरतात. देशी वाणातही हा धोका आहे. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळू शकत असले तरी मधमाश्या परपराग पुष्कळ आणतात, आणि ज्वाला मिरची व ढोबळी मिरची वनस्पतिशास्त्रानुसार एकाच जातीच्या असल्याने गच्चीवरच्या शेजारशेजारच्या कुंड्यांत त्यांचा संकर सहज होतो. तिखट झाडाशेजारी लावलेली ढोबळी त्याच हंगामात तिखट होते, हा समज मात्र चुकीचा आहे. फळाची साल आणि गाभा मातृवृक्षाचे असतात, परक्या परागाचा वाटा फक्त आतल्या बियांत असतो, आणि तो त्या बियांपासून वाढलेल्या झाडाच्या फळांतच प्रकट होतो. ज्याला वाण शुद्ध राखायचा आहे तो कळी उमलण्यापूर्वीच तिच्यावर मलमलीची पिशवी बांधतो. म्हणजे योग्यता ही एकच नाही. अंकुराची योग्यता निराळी आणि वाणाच्या सातत्याची योग्यता निराळी, आणि दुसरी केवळ बीजाच्या स्वरूपात नसून निवडणाऱ्या माणसाच्या लक्षातही असते.

सातत्याचा विषय निघाला की अनादित्वाचा प्रश्न येतो. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज या परंपरेला आरंभ नाही, म्हणून कर्म आणि संसार यांनाही आरंभ नाही, असे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात म्हटले आहे. त्यांच्याच परंपरेतले पूर्वाचार्य गौडपाद यांनी मात्र मांडूक्यकारिकांत हा दृष्टान्त ‘साध्यसम’ ठरवला होता, म्हणजे जे सिद्ध करायचे आहे तितकाच तोही असिद्ध आहे असे दाखवले होते. मिरची गौडपादांच्या बाजूने साक्ष देते. मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशात माणसाने ती लागवडीखाली आणली, १४९२ नंतर ती अमेरिकेबाहेर पडली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. धर्मकीर्ती, उदयन, शंकराचार्य यांपैकी कोणाच्याही ताटात ती नव्हती. आज भिवापूरच्या किंवा काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीची जी परंपरा ‘पूर्वापार’ म्हणून सांगितली जाते, तिचा या भूमीवरचा आरंभ पाचशे वर्षांच्या आतला आहे.

याच संदर्भात संत सावता माळी यांच्या नावावरील, भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या, प्रसिद्ध अभंगाचा विचार करण्यासारखा आहे. त्यात मिरचीचा उल्लेख येतो, आणि सावतोबांची समाधी १२९५ ची मानली जाते. म्हणजे आज ज्या मिरचीला आपण मिरची म्हणतो ती भारतात येण्याच्या दोनशे वर्षे आधीची. अभंगाचा आजचा पाठ मौखिक परंपरेत पालटत आला, किंवा ती रचनाच मागाहूनची असावी, हे दोन तर्क अधिक संभवनीय वाटतात. त्यामुळे सावतोबांच्या अरण गावातल्या मळ्यातल्या त्या भक्तीला बाध येतो असे वारकऱ्यांनी मानलेले नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक पिढीने आपल्या मळ्यात जे होते ते अभंगात आणले असेल, तर तो पाठ अशुद्ध झाला असे भाषाशास्त्रज्ञ म्हणेल. पण परंपरा जिवंत राहण्याची अट तीच होती, हे त्यालाही नाकारता येणार नाही.

राहता राहिला अधिकाराचा मुद्दा, जो दार्शनिकांना सुचण्याचे कारणच नव्हते. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा भारतीय कायदा शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि संरक्षित वाणाच्या नावाने शिक्का मारून नसेल तर विकण्याचाही हक्क देतो. हक्क असला तरी बी धरण्याची सवय सुटत चालली आहे, कारण दरवर्षी पाकीट विकत घेणे सोपे असते. ज्या घरात जुन्या वाणाचे बी अजून आहे त्यांनी उदयनावर पूर्ण विसंबून ते डब्यात ठेवून देऊ नये. साध्या घरगुती साठवणुकीत मिरचीच्या बियाण्याची उगवण दोनतीन वर्षांनंतर झपाट्याने घटते. तेव्हा निम्मे बी यंदाच्या हंगामात वाफ्यात टाकावे, निम्मे पुढच्या वर्षासाठी राखावे, आणि त्यातलीच एक पुडी, वाणाचे नाव व वर्ष लिहून, शेजारच्या घरी द्यावी.