माळ्याने मागितलेले एक वर्ष



नाताळ आता दहा-अकरा दिवसांवर आला आहे. घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू झाल्या आहेत. मागण्या मोठ्यांच्याही असतात, पण मोठी माणसे त्या मनातच ठेवतात. आपल्या पिंप्राळ्यात कोणाच्या दारात चार गुलाबाच्या कुंड्या आहेत, कोणी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेथी-कोथिंबीर लावली आहे, तर कोणाची गावाकडे अजून केळीची बाग आहे. अशा माणसांना नाताळबाबाने विचारले, तर ती काय मागतील? धार लवकर न जाणारे खुरपे. न गळणारी झारी. पाठीला ओझे न होणारा फवारणीचा पंप. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा रोपांवर बांधायला हिरवी जाळी. आणि ट्रॉलीभर चांगले कुजलेले शेणखत! सणाची भेट म्हणून शेणखत मागणारा माणूस बागेत राबणाराच असणार, दुसरा कोणी नाही.

या झाल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू. खरी स्वप्ने वेगळीच असतात. मृगाचा पाऊस मृगातच यावा, परतीचा पाऊस वेचणीला आलेल्या कापसावर पडू नये, जानेवारीच्या थंडीने केळीला चरका बसू नये, आणि घड कापणीला येतील तेव्हा भाव पडलेला नसावा. यांतली एकही भेट कागदात गुंडाळून झाडाखाली ठेवता येत नाही. म्हणून बागेत काम करणारा माणूस बाकीच्यांपेक्षा थोडा अधिक प्रार्थना करतो, आणि अधिक कुरकुरही करतो, असा आपला अनुभव आहे.

आज आगमनकाळातील तिसरा रविवार, म्हणजे आनंदाचा रविवार. हिरव्या चक्रातील गुलाबी मेणबत्ती आज पेटली आहे. आजच्या तिन्ही वाचनांत शेतीवाडीचा वास आहे. यशया संदेष्टा वाळवंट फुलण्याचे, कोरड्या रानात झरे फुटण्याचे स्वप्न सांगतो. संत याकोब शेतकऱ्याकडे बोट दाखवतो. जमिनीचे मोलाचे पीक हाती यावे म्हणून शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची कशी धीराने वाट पाहतो, ते पाहा, असे तो म्हणतो. पवित्र भूमीत पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणीला आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरायला येतो. महिने वेगळे असले, तरी आभाळाकडे बघणारे डोळे तेच.

यशयाचे स्वप्न आपल्या खान्देशाला परके नाही. १९३० च्या दशकात तिकडे सिम्का ब्लास नावाचे एक पाण्याचे अभियंते होते. एका रांगेतील एकच झाड बाकीच्यांपेक्षा उंच वाढलेले त्यांना दिसले. मुळाशी पाहिले तर नळाला बारीकशी गळती होती, आणि थेंब थेंब पाणी त्या झाडाला मिळत होते. पुढे १९६५ साली नेगेव वाळवंटातील हात्झेरीम या सामूहिक वस्तीने त्यांच्याबरोबर ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला. ही वस्ती बैर-शेबाजवळ आहे. आपला पूर्वज अब्राहाम याने विहीर खणली, आणि त्या विहिरीवरून तंटाही झाला, तीच ही भूमी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांनी ठिबक आपल्या जळगावात रुजवली, आणि आज जिल्ह्यातील केळी तिच्यावर पोसली जाते. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानात या थेंबांचाही वाटा आहे. एका गळक्या नळाकडे पाहून वैतागण्याऐवजी कोणीतरी शेजारच्या झाडाकडे पाहिले, म्हणून हे घडले.

पण नळी आली म्हणून पाण्याचा प्रश्न सुटत नाही. पाणी वाटायचे कसे हा प्रश्न उरतोच. याचे उत्तर आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात तीन-चारशे वर्षांपूर्वी लोकांनी शोधले होते. पांझरा नदीवर त्यांनी दगडी बंधारे घातले, पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडाला किती पाणी ते मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी असे, आणि त्याला मोबदला पिकातून मिळे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे पडीक फडाचा तोटाही वाटला जाई. आपल्या गल्लीत नळाला पाणी येते त्या दिवशी मोटार लावून शेजारच्याच्या नळाचे पाणी ओढून घेणारे आपण, आणि तोटासुद्धा वाटून घेणारे ते अशिक्षित शेतकरी! नाताळच्या मिस्साला आपण एकमेकांच्या शेजारी बसणार आहोत, हे मोटारीचे बटण दाबताना आठवायला हवे.

आता शुभवर्तमानाकडे वळू या. मागच्या रविवारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गर्जना आपण ऐकली. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड आधीच ठेवलेली आहे, चांगले फळ न देणारे झाड तोडले जाईल, असे तो सांगत होता. आज तोच योहान तुरुंगात आहे, आणि शिष्यांना पाठवून येशूला विचारतो आहे की, येणारा तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? एवढ्या खंबीर माणसाला हा प्रश्न का पडला असेल? अनेक विद्वानांनी यावर अनेक उत्तरे दिली आहेत. आपल्याला एक साधे उत्तर पटते. योहान कुऱ्हाडीची वाट पाहत होता, आणि कुऱ्हाड काही चालली नाही. हेरोद गादीवर आहे, योहान कोठडीत आहे, आणि ज्याच्याविषयी त्याने साक्ष दिली तो गावोगाव फिरून आंधळ्यांना, लंगड्यांना, कुष्ठरोग्यांना बरे करतो आहे. प्रभूने योहानाला उत्तर म्हणून हीच कामे मोजून दाखविली.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचा दाखला (१३:६-९) यापुढे ठेवून वाचला, म्हणजे प्रभूची रीत कळते. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड होते. धनी तीन वर्षे फळ शोधत आला, फळ मिळाले नाही. तो माळ्याला म्हणाला की हे तोडून टाक, उगीच जागा अडवते आहे. धन्याचे म्हणणे हिशेबाला धरून आहे, हे कोणताही शेतकरी मान्य करील. झाड जमीन खाते, पाणी पिते, शेजारच्या वेलींचे अन्न ओढते. बाग तोट्यात गेली तर उपटावीच लागते. हे दुःख आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा माळी एक भेट मागतो. मागतो आणि तीही स्वतःसाठी नाही. तो आणखी एक वर्ष मागतो. साऱ्या पवित्र शास्त्रात बागेत राबणाऱ्याने केलेली ही सर्वांत मोठी मागणी आहे. आणि तिच्यात दोन गोष्टी आहेत, ज्या घाईत वाचताना निसटून जातात.

पहिली ही की, माळी नुसती मुदत मागत नाही. मी याच्याभोवती खणीन, खत घालीन, असे तो स्वतःहून कबूल करतो. म्हणजे आळे करणे आले, मुळे न दुखवता माती भुसभुशीत करणे आले, घमेल्याने शेणखत वाहणे आले, आणि तेही ज्या झाडाने तीन वर्षे काही दिले नाही त्याच्यासाठी. आपण एखाद्याला "बघू, अजून एक संधी देतो" असे म्हणतो आणि हात बांधून बसतो, तसे हे नाही. दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. धनी माळ्याला म्हणाला होता, तू तोड. माळी शेवटी म्हणतो की, नाहीच फळ आले तर मग आपण तोडा. मी तोडीन, असे तो म्हणत नाही. कुऱ्हाड हातात घ्यायला तो तयारच नाही. पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालियाला प्रभू माळी वाटला (योहान २०:१५), ती चूक होती खरी, पण फार मोठी चूक नव्हती.

या झाडाला पुढच्या वर्षी फळ आले का? प्रभूने ते सांगितलेले नाही.

हा दाखला ऐकताना आपल्या घरांत एक मोठे पाप घडते, तेही येथे सांगितले पाहिजे. लग्नाला तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की सुनेला निष्फळ झाड ठरविणारी तोंडे आपल्यातही आहेत. प्रभूने हा दाखला पश्चात्तापाविषयी सांगितला, पोटच्या लेकरांविषयी नाही. त्या वचनाची कोणत्याही स्त्रीवर कुऱ्हाड करू नये. नाताळात पाहुणे जमतील, तेव्हा हा विषय कोणी काढला तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो तेथेच थांबवावा.

आणि एक वर्ष मागणारे आपल्या आजूबाजूला किती तरी आहेत. बियाण्यासाठी, मुलीच्या फीसाठी, आजारपणासाठी आपल्याच माणसाकडून उसने घेतलेला पैसा परत करायची तारीख डिसेंबरची असते. ती व्यक्ती रविवारी आपल्याला टाळून मागच्या दाराने निघून जाते, हे आपल्या लक्षात येते. तिला नव्या कपड्यापेक्षा, केकच्या तुकड्यापेक्षा एक वर्षाची मुदत ही मोठी भेट आहे. ज्याला देणे परवडते त्याने ती द्यावी, आणि माळ्याप्रमाणे थोडे खतही घालावे, म्हणजे तिचे काम कुठे अडले आहे ते विचारावे. ज्याला खरोखरच परवडत नाही त्याने ओशाळू नये, पण चारचौघांत तगादा तरी लावू नये.

मुदत एकीकडे द्यायची असते, तशी दुसरीकडे ती मुळीच घ्यायची नसते. आजचे याकोबाचे वाचन पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनापासून सुरू होते. त्याच्या तीनच वचने आधी तोच याकोब श्रीमंतांवर कडाडतो की, शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक प्रभूच्या कानी गेली आहे. आपल्या वस्तीतून सकाळी गाडीत दाटीवाटीने बसून निंदणीला, कापूस वेचणीला बाया जातात. वेचणीची मजुरी किलोवर, आणि तोलताना काटा कोणाच्या हातात असतो ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्यापैकी काहीजण मजुरी घेणारे आहेत, काहीजण देणारेही आहेत. अंगणातील गवत काढायला, कुंड्या भरायला आपण माणूस बोलावतो आणि "सणानंतर ये" असे सांगतो, तेव्हा त्याचाही काही सण असतो. शेतकऱ्याने पावसाची वाट धीराने पाहावी असे याकोब सांगतो, मजुराने मजुरीची वाट पाहावी असे तो सांगत नाही. त्यांचा हिशेब या आठवड्यातच पुरा करावा.

वाट पाहण्याचेच निघाले म्हणून एक लहानशी गोष्ट. नाताळात दुकानांत लाल पानांचे पॉइन्सेटियाचे झाड विकायला येते. ते मूळचे मेक्सिकोचे. जे लाल दिसते ती त्याची पाने असतात, फुले मध्यभागी बारीक पिवळी असतात. अनेकांची तक्रार असते की, गेल्या वर्षी आणलेले झाड जगले, वाढले, पण लाल काही झाले नाही. याचे कारण बहुधा रस्त्याचा दिवा. या झाडाला हिवाळ्याच्या तोंडी सलग काही आठवडे लांब आणि पूर्ण काळोखाच्या रात्री लागतात. रात्रभर उजेड पडत राहिला तर ते हिरवेच राहते. पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर ते झाड रोज संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत किंवा खोक्याखाली ठेवावे आणि सकाळी उन्हात आणावे. काळोखाचा इतका नेमका उपयोग करणारे झाड आगमनकाळात दारात असावे, हे आपल्याला आवडते.

आता आपल्या चर्चमधील गोठ्याविषयी. यंदा बाजारातील प्लास्टिकचे गवत न आणता गव्हाची हिरवळ लावावी असे योजिले आहे. गोव्यात अनेक घरांतून गोठ्यासाठी असे धान्य पेरतात. आज घरी गेल्यावर मूठभर गहू भिजत घालावेत, उद्या फडक्यात बांधून ठेवावेत, मोड दिसले की पसरट थाळीत दोन बोटे मातीवर पेरावेत. पहिले दोन दिवस झाकून ठेवावे, मग उजेडात आणून हाताने पाणी शिंपडावे. पाणी थाळीत साचू देऊ नये, नाहीतर बुरशी येते. थंडी असल्यामुळे वाढ हळू होईल, तरी नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चार बोटे हिरवळ येण्यास हरकत नाही. थाळ्या त्या दिवशी दुपारपर्यंत आणून द्याव्यात. एखाद्याचे गहू उगवले नाहीत, तरी त्याने थाळी आणावी. गव्हाणीभोवती माती लागणारच आहे.