आधी सातबाऱ्यावर तुझं नाव बघ

दोघांपैकी कुणाला हो म्हणू, हा प्रश्न घेऊन तू माझ्याकडे आलीस आणि उठेपर्यंत फक्त त्या दोघांबद्दल बोललीस. एक हिंजवडीच्या कंपनीत. पगार वेळेवर, बावधनला फ्लॅट, स्वभाव शांत. दुसरा मुळशी धरणाच्या काठाला तंबू टाकून पुण्या-मुंबईच्या लोकांना मुक्कामाला आणतो, पावसाळ्यात अंधारबनात पोरं घेऊन जातो, उन्हाळ्यात बुलेटवर लडाख गाठतो. पहिल्याशी केलं तर आयुष्य सेफ होईल, दुसऱ्याशी केलं तर जगता तरी येईल, असं म्हणालीस. डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही. नीट ऐक आणि मध्ये बोलू नकोस.

एवढ्या बोलण्यात तू स्वतः कुठे होतीस गं? तुझा पगार किती, त्यातला तुझ्या हाती किती उरतो, पुढे काय शिकायचंय, एकटीने कधी ताम्हिणी उतरून कोकणात गेलीस का, यातलं एक अक्षर तुझ्या तोंडून आलं नाही. आधार एकाकडून हवा आणि धाडस दुसऱ्याकडून हवं. मग तुझ्याकडचं काय? सत्तावीस वर्षांची बाई स्वतःच्या संसारात रिकाम्या हाताने शिरायला निघते आणि कुठल्या दारातून शिरू एवढंच विचारते, याचा मला राग आला आहे. हो, राग. वर्गात फळ्यासमोर उभी करून तुला विचारलं असतं त्याच आवाजात विचारते आहे.

दहावीला इतिहास मीच शिकवला तुला. मुळशी सत्याग्रहावरचं उत्तर तू घडाघडा लिहिलं होतंस. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उठले, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा, पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले. मार्क पूर्ण दिले मी. पण शिकलीस काय? बापट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याएवढं स्थिर स्थळ दुसरं नव्हतं. राजकारणात पडून त्याने ती शिष्यवृत्ती घालवली, पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकला, परत आला तर पोलीस मागावर. तुझ्या हिशेबाने हा माणूस ‘फ्री’ झाला. पण त्याच्या मोकळेपणाचं बिल कुणी भरलं ते बघ. मुळशीसाठी तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. शेवटी रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्याने स्वतः भोगली. ज्या मावळ्यांना त्याने उभं केलं त्यांना तो पुढे करून मागे राहिला नाही. घरच्यांनीही सोसलं, तेही मी लपवत नाही. आणि सत्याग्रहात फक्त पुरुष नव्हते. इथल्या मावळणीही जमिनीसाठी उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. त्या कुणाच्या बुलेटच्या मागच्या सीटवर बसून शूर झाल्या नव्हत्या.

धरण झालंच. मुळेचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात पडलं आणि मुंबईला वीज गेली. तुझा तो मित्र पिंपरीहून अंधारबनाची वाट धरून ज्या भिऱ्याला उतरतो, तेच हे भिरा. त्याला ठाऊक आहे का? विचार एकदा. गावाच्या डोंगरावर पोट भरायचं तर त्या डोंगराखाली काय बुडालं आहे ते ठाऊक असायला हवं.

आता त्याच्याबद्दलच बोलते, कारण तुझं मन तिकडे जास्त झुकलं आहे हे मला दिसतं. तंबूचा धंदा वाईट नाही. कष्टाने केला तर चार घरं चालतात, गावातल्या बायकांना पिठलं-भाकरीचे पैसे मिळतात. माझी तक्रार धंद्याबद्दल नाही. तूच मला हसत हसत सांगितलंस की बुलेटचा हप्ता थकतो तेव्हा त्याची आई दुधाच्या पैशातून भरते. यात हसण्यासारखं काय होतं? पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीला कॅन पोचवायचा, आणि ते पैसे मुलाच्या लडाखच्या धुळीत. त्याच्या वडिलांनी रस्त्याकडेची जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकली, ते पैसे कुठे गेले हेही आपल्या तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. ज्याला तू मोकळा म्हणतेस त्याच्या मोकळेपणामागे एक बाई बांधलेली आहे, आणि ती थकली की तिच्या जागी कोण उभी राहणार याचा विचार तू केला नाहीस. त्याने केला असेल.

आणि धाडस म्हणजे तुला काय वाटतं? मोबाईलसमोर धबधब्याखाली उभं राहणं? ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणापाशी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लहान मुलं होती त्यात. शोधायला कोण उतरलं? बाकीच्यांबरोबर शिवदुर्ग मित्र या बचाव संस्थेची पोरं होती. पाऊस असो, रात्र असो, फोन आला की दोर घेऊन दरीत उतरतात, आणि त्याबद्दल कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर जातात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची माणसं २०१२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचली, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जण. त्यामागे किती वर्षांचा सराव, किती दारांवर जाऊन गोळा केलेला पैसा, किती बारीक नियोजन होतं हे जरा वाच. डोंगरावर जाणारा खरा माणूस घड्याळाचा गुलाम असतो. ठरल्या वेळेला शिखर पन्नास मीटरवर असलं तरी तो मागे फिरतो. तुझा मित्र कधी मागे फिरला आहे का? जुलैत ताम्हिणीत पाऊस आभाळ फाटल्यासारखा कोसळतो, ओढे बघता बघता चढतात. अशा दिवशी आगाऊ घेतलेले पैसे परत करून, पोरांना घरी पाठवायची हिंमत त्याने दाखवली का? दाखवली असेल तर तो माझ्या लेखी लाख मोलाचा आहे आणि मग आई भरते तो हप्ताही तो उद्यापासून स्वतः भरायला लागेल. दाखवली नसेल तर त्याला धाडसी म्हणू नकोस. दुसऱ्यांचे जीव पणाला लावणाऱ्याला आपल्याकडे वेगळं नाव आहे.

हे ऐकून तू लगेच पहिल्याच्या बाजूला पळशील, म्हणून तोही दरवाजा आत्ताच बंद करते. हिंजवडीतली नोकरी म्हणजे स्थिर, हे तुला कुणी सांगितलं? जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. टीसीएस! जिथे लागलं की निवृत्तीपर्यंत चिंता नाही असं आपल्या पालकांना वाटायचं. नोकरी स्थिर असते की नसते हे बाजार ठरवतो. माणूस स्थिर आहे का, हे नोकरी गेल्यावर कळतं. तो मुलगा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या भेटीत तो तुला म्हणाला, ‘लग्नानंतर तुला नोकरी करायची असेल तर कर, माझी काही हरकत नाही.’ आणि हे तू मला कौतुकाने सांगितलंस. अगं, हरकत घ्यायचा प्रश्न आलाच कुठून? तो नोकरी करणार याला तुझी हरकत नाही, असं तू त्याला सांगितलंस का? हप्ता वीस वर्षांचा, फ्लॅट एकट्या त्याच्या नावावर, तुझा पगार घरखर्चात जिरणार, आणि उद्या काही बिनसलं तर तू कुठल्या दाराबाहेर उभी असशील? सुरक्षितता त्याची आहे. तुला त्यात फक्त राहायला मिळणार आहे. चांगला मुलगा असेल तर हे त्याच्यासमोर स्पष्ट बोल. त्याला राग येतो की तो वही-पेन घेऊन बसतो, ते बघ. सासूच्या आजारपणात रजा कोण काढणार, हेही त्याच बैठकीत विचार.

एका घराची गोष्ट सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून १९२५ मध्ये ती नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही हरले, दंड भरला आणि पुढचा अंक काढायला बसले. याहून बेभान माणूस मराठी मुलखात शोधून सापडणार नाही. आणि त्या घराला आधार कशाचा होता? त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या नोकरीचा. त्या शिक्षिका होत्या. मूल नको हा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली, बायकोवर टाकली नाही. त्या काळात! या जोडप्याला तू कुठल्या रकान्यात घालणार? स्थिर कोण होतं आणि साहसी कोण? पगार आणणारी बाई लोकांच्या शिव्या खात, वाळीत पडल्यासारखी जगली, ते साहस नव्हतं? आणि दर महिन्याला अंक वेळेवर काढणारा माणूस अस्थिर कसा? रघुनाथरावांवर पुस्तकं आली, सिनेमा आला. मालतीबाईंचं नाव तुझ्या वर्गातल्या एकीला तरी आठवतं का, विचारून बघ.

तू माणसं अशी दोन खणांत ठेवून बसलीस आणि स्वतःला कुठल्याच खणात ठेवलं नाहीस. हे चाललं तर तू कुणाशीही लग्न कर, पाच वर्षांनी माझ्याकडे येऊन दुसऱ्याचं नाव घेऊन रडशील.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरी संतापले आहे तिच्याकडे येते. जाता जाता, चप्पल घालताना तू म्हणालीस, ‘सोमवारी पौडला जायचंय, दादाने बोलावलंय, हक्कसोडपत्रावर सही करायची आहे.’ जशी काही दळण आणायला निघाली आहेस.

वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या नावावर काहीतरी आलं. आणि ते तू एका सहीत सोडायला निघालीस, कारण ‘भावाशी वाईटपणा नको’ आणि ‘लग्नाचा खर्च दादाच करणार आहे’. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा करून तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. सगळ्या देशासाठी तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यासाठी बायका कोर्टात वर्षानुवर्षं झिजल्या. आणि आपल्या तालुक्यात काय चाललं आहे? भाचरांना मामाचं घर बंद होईल या धाकाने बहिणी पौडला येतात, नाममात्र मुद्रांकावर सह्या करतात, साडी-चोळी घेऊन परत जातात. पुढच्या वर्षी तीच जमीन कुणीतरी फार्म हाऊससाठी घेतं. सही करताना कागद वाचलेला नसतो. कित्येकींना आपण नेमकी किती गुंठे जमीन सोडली तेही सांगता येत नाही. ज्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी बायका जमिनीसाठी तुरुंगात गेल्या, त्याच तालुक्यात.

तू तर शिकलेली. तुला सातबारा वाचता येतो, मोबाईलवर काढता येतो. नवऱ्याची नोकरी टिकेल का याची तुला रात्रभर काळजी, आणि पायाखालची स्वतःची जमीन तू भावाच्या एका फोनवर सोडून देतेस! ती जमीन तुझ्याकडे असली तर धरणाकाठच्या मुलाशी लग्न करूनही तुला त्याच्या हप्त्यांची भीती वाटणार नाही. फ्लॅटवाल्याशी केलंस तरी त्याच्या हरकतीची वाट बघावी लागणार नाही. कुणाशीच केलं नाहीस तरी चालेल. भावावर तुझं प्रेम आहे, मला ठाऊक आहे, तोही माझाच विद्यार्थी आहे. त्याला अडचण असेल तर बसून बोला, मोजणी करा, वाटणी करा, विकायची तर दोघं मिळून विका आणि पैसे दोन खात्यांत जाऊ द्या. प्रेमाने द्यायचं तर आधी हातात घे, मग समजून-उमजून दे. न बघता सोडणं म्हणजे देणं नाही.

सोमवारी तू पौडला जाणार नाहीस. एकदा नोंदणी झाली की ती फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि बहुतेकींना ते जमत नाही. दादाला आज रात्रीच फोन कर. बाईंनी सांगितलंय, कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं माझं नाव घेऊन सांग. तो चिडला तर मला फोन करायला सांग. रविवारी सकाळी सातबारा, आठ अ आणि फेरफाराचा उतारा घेऊन माझ्याकडे ये. त्या दोन मुलांचं काय करायचं ते आपण त्यानंतर बोलू, त्याआधी एक शब्द ऐकणार नाही.