समितीतील आसन

वैद्यकव्यवसायी बंधूंची इंडियन मेडिकल असोसिएशन ही संघटना १९२८ साली कलकत्त्यास स्थापन झाली. अशा संस्थांच्या शाखांतून इतिवृत्त लिहिणे, वर्गणी जमविणे ही कामे बहुधा विनावेतनच चालतात. त्यांसाठी आपण होऊन पुढे येणाऱ्याच्या मनात मानाची इच्छा असेल, तर त्यास सेवा म्हणावे काय? आम्हांस वाटते, हेतू निर्मळ होईपर्यंत थांबणारा थांबूनच राहतो. आणि विद्येचे ऋण तसेच राहते. पालखीला खांदा देण्यास कोणी मिरविण्यासाठीही येतो. परंतु भार खांद्यावर आला की मिरविण्याचे भान उरत नाही. खरी कसोटी पुढेच आहे. मुदत संपताच आसन सहज सोडवते काय? ज्यास सोडवते, त्याची सेवा देवास रुजू झाली असे आम्ही मानतो.