परतीचा हक्क कोणाचा?

माझी भाची न्यू जर्सीत राहते. ती, जावईबापू आणि दोन मुलं. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली. आता सिंगापूरच्या एका कंपनीने जावईबापूंना तीन वर्षांच्या करारावर बोलावलं आहे. पगार चांगला आहे, आणि तिथून चिमूर, म्हणजे तिची म्हातारी आई, कितीतरी जवळ. पण अमेरिकेबाहेर राहून अमेरिकेत राहण्याचा हक्क टिकवायचा कसा? मी तलाठी म्हणून नोकरीभर लोकांच्या रहिवासाचे कागद हाताळले, म्हणून सुट्टीत आली तेव्हा तिने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

"मामा, कार्डावर दहा वर्षांची मुदत छापली आहे. मग मधली तीन वर्षं बाहेर काढली तर बिघडतं कुठे?"

"ती मुदत कार्डाची. हक्काची मुदत कुठे लिहिली आहे?"

"कुठेच नाही. वकील म्हणाल्या, सलग वर्षाच्या आत परतलात तर कार्डावर आत येता येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिट घ्यायचं. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं. पण ते हातात असलं तरी विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, की तुमचं जाणं खरंच तात्पुरतं होतं का? घर ठेवलं होतं का, कर कुठला रहिवासी म्हणून भरला, परतायची तारीख ठरली होती का, असं सगळं."

"म्हणजे तो दिवस मोजतो, पण शोधतो तुझा इरादा."

"हो. आणि इरादा मलाच ठाऊक नसेल तर?"

मला वाटतं, खरा पेच इथेच होता. बाकीचा वकिलाच्या टेबलावर सुटण्यासारखा होता. मी तिला आपल्या तालुक्यातलीच गोष्ट सांगितली. धानाची कापणी-मळणी आटोपली की इथली माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. खम्मम, वारंगलकडे. दोन-तीन महिने घराला कुलूप असतं. म्हणून त्यांना कोणी परगावचं म्हणत नाही. आपला १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा कलम २० मध्ये हेच सांगतो, की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही.

"मग मीही तशीच! घर भाड्याने देते, कर भरते, तीन वर्षांनी परत येते."

"त्याच कलमात दुसरी गोष्टही आहे, बाई. गावात नुसतं मालकीचं घर आहे एवढ्याने कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. मिरचीला गेलेल्या बाईला विचार, परत कधी? ती होळीचं नाव घेईल. तू कोणता सण सांगशील?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने जो मुद्दा मांडला तो मला खोडता आला नाही, आणि आजही येत नाही.

"मामा, ती बाई होळीला परतते, कारण तिला ठाऊक आहे की घर आहे, रेशनकार्डावर नाव आहे, मतदार यादीत नाव आहे. परत यायची खात्री आहे म्हणून तर ती चारशे किलोमीटर लांब जायला धजते. माझंही तेच आहे. हक्क राखून ठेवते म्हणजे मी लबाडी करते असं नाही. पाय उचलायला बळ मिळावं म्हणून ठेवते. ताडोबातलं रामदेगीचं नवेगाव उठलं, तेव्हा त्या लोकांना परतीची वाट होती का?"

नव्हती. २००८ साली व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबाला दहा लाखांचं पॅकेज ठरलं होतं. ते एकदा घेतलं की मागचं शिवार संपलं. असं जाणं आणि परतीचं दार उघडं ठेवून जाणं एकाच तराजूत घालता येत नाही. तिचं म्हणणं मी मान्य केलं.

पण एक फरक तिच्यापुढे ठेवला. मिरचीवाली बाई आपला हक्क वापरते आहे. तिची सासू घरी आहे, मुलगा शाळेत आहे, बांध्या इथे आहेत. हक्क कागदावर ठेवून आयुष्य दुसरीकडे मांडायचं, आणि वर्षातून एकदा तोंड दाखवून यायचं, ही निराळी गोष्ट. अमेरिकेचा कायदा नेमकं हेच पकडतो. अधूनमधून फेरी मारल्याने रहिवास टिकत नाही.

वनहक्काच्या दाव्यांमध्ये मी याची उलटी बाजू पाहिली आहे. २००६च्या कायद्यात बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. जंगलालगत जन्मले, तिथेच मेले, अशा माणसांच्या नातवांकडे १९३० सालचा कागद कुठून असणार? ते राहिले खरे, पण पुरावा नाही. माझ्या भाचीकडे सगळे पुरावे होते, आणि राहायचं नक्की नव्हतं. पहिल्या प्रकारातला अन्याय मला कधी सहन झाला नाही. म्हणूनच दुसऱ्या प्रकारात कोणी माझा सल्ला विचारला की मी थोडा कठोर होतो.

"वनहक्काचा पट्टा विकता येत नाही," मी म्हणालो, "पण वारसाला मिळतो. तुझं कार्ड?"

"वारसालाही नाही. ज्याचं त्याने राहून टिकवायचं." आणि मग ती म्हणाली, "अडचण माझी नाही मामा. मुलीची आहे."

मुलगा अमेरिकेत जन्मला. तो नागरिक आहे, पन्नास वर्षांनी गेला तरी दार उघडं. मुलगी इथे जन्मली, आज बारा वर्षांची. तिचं कार्ड आईबापांच्या पावलांवर चालतं. त्यांनी रहिवास सोडला असं ठरलं तर अज्ञान मुलीनेही सोडला असं धरलं जातं. उलट भाची आणखी दोन वर्षं तिथेच राहून नागरिक झाली, तर सोबत राहणारी अठरा वर्षांखालची मुलगी कायद्याने आपोआप नागरिक होते.

"जावईबापूंची कंपनी अमेरिकन असती तर?"

"अमेरिकन कंपनीने परदेशी पाठवलं तर नागरिकत्वासाठीचा रहिवास राखायचा वेगळा अर्ज करता येतो. ही सिंगापूरची आहे. वर्षभर बाहेर राहिलो की पाच वर्षांची मोजणी तुटते. परमिट असलं तरी."

"मग ते एकटे जाऊ देत."

"दोन वर्षं मुलं बापाविना? आणि नागरिक झाले की माझा भारताचा पासपोर्ट जाणार, मत जाणार. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळेल, बाबांची धानाची शेती वारसाने येईल, पण नवी शेतजमीन घेता येणार नाही. तुम्ही किती सहज सांगता!"

सहज नव्हतं. या घरातला कोणी ना कोणी कायम दूर राहिला आहे, आणि मागे राहिलेल्या बाईने त्याची किंमत मोजली आहे, हे मला माहीत आहे. तरीही मी माझं मत बदललं नाही. आपला हक्क आपण सोडावा, उधळावा, ज्याची त्याची मर्जी. मुलीचा हक्क मात्र तिच्या वतीने आपण सांभाळतो आहोत, आणि सांभाळणाऱ्याला तो खर्च करायची मुभा नाही. आईजवळ येण्यासाठी भाचीने कार्ड सोडलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती. पण तिघांची कार्डं खिशात ठेवून, काय होईल ते बघू म्हणत निघणं मला पटत नाही. त्यात मुलीचं नुकसान होतं, आणि ते कोणी ठरवून केलेलंही नसतं.

"तिला विचारलंस?" मी म्हटलं.

"बारा वर्षांच्या मुलीला?"

"तिलाच. निर्णय तुम्ही घ्या, पण तिच्यासमोर."

अशा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे. कायमचे निघाला असाल तर हक्क मोकळ्या हाताने परत करा, त्यासाठी रीतसर अर्ज असतो. परतायचं असेल तर परतीची तारीख आधी घरात ठरवा. आणि री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करा, बाहेर पडल्यावर तो करता येत नाही.